ऊब जाते कुठे?

भाची : मामा, तुम्ही पहिल्यापासून एकच म्हणताय, नाशिकला खरी थंडी दोन महिने, तेवढे दोन महिने पोहू नका. आमच्या तलावाचा हिशेब तसा नाही. दिवाळी झाली की पाणी उतरायला लागतं आणि होळीपर्यंत पोहण्याजोगं होत नाही. जानेवारीत तर ते २० अंशांच्या खाली-वर असतं. म्हणजे वर्षाचे चार महिने गेले. पावसाळ्यात ऊन नसतं, वरून गार पाणी पडत राहतं, तेव्हा त्यातलेही दोन-अडीच महिने वजा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद तलाव बांधला आणि पोहतो साडेपाच महिने. बाकीच्या दिवसांत फिल्टरचा पंप रोज चालवावाच लागतो, क्लोरीन टाकावंच लागतं, नाहीतर आठवड्यात पाणी हिरवं होतं. तुम्ही पाणी तापवण्याला चैन म्हणता. मला कोणी न वापरणारा तलाव राखत बसणं ही जास्त मोठी चैन वाटते. आणि हे काही माझ्या हौसेसाठी नाही. सासूबाईंचे गुडघे जमिनीवर वाकत नाहीत, पाण्यात वाकतात. फिजिओथेरपिस्टनी त्यांना पाण्यातले व्यायाम दिलेत, पण २० अंशांच्या पाण्यात उतरल्या की स्नायू सैल पडण्याऐवजी आखडतात. मुलगा आठ वर्षांचा आहे, दहा मिनिटांत त्याचे ओठ निळे पडतात. शिकणाऱ्या पोराने भिंत धरून कुडकुडत उभं राहायचं, तर तो शिकणार कधी?

मामा : तुला पोहायला कुठे शिकवलं ते आठवतंय ना? आपल्या मळ्यातल्या विहिरीत. पाठीला सुकलेला भोपळा बांधला होता आणि तुझ्या कमरेच्या दोराचं टोक माझ्या हातात होतं. महिना मार्गशीर्ष, वेळ सकाळची. तू रडलीस ती विहिरीच्या खोलीला घाबरून. पाणी गार आहे म्हणून नाही रडलीस. उलट पायऱ्यांवर उभी राहून म्हणालीस, मामा, पाण्यातून धूर निघतोय. त्या विहिरीला कोणी हीटर लावला नव्हता. निफाडला त्या दिवसांत पारा किती खाली जातो हे पेपरात दरवर्षी वाचतेस. अंगावर स्वेटर असायचा तोवर दात वाजायचे आणि पाण्यात उडी मारली की थांबायचे. म्हणून कोणतं यंत्र घ्यायचं हे विचारण्याआधी मी तुला एक विचारतो. विहिरीचं पाणी ऊबदार राहतं आणि तुझ्या तलावाचं राहत नाही, हे का? त्याचं उत्तर मिळेपर्यंत यंत्राची गोष्ट काढू नकोस.

भाची : त्याचं उत्तर मी शोधलंय. जमिनीत खोल गेलं की थंडी-उन्हाळा पोचत नाही. तिथली माती आणि पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला असतं, त्या गावच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास. आपल्याकडे ते २५-२६ अंश धरा. तेच पाणी जानेवारीत कोमट लागतं आणि मे महिन्यात गार. तुम्हाला दिसायचा तो धूर म्हणजे ऊबदार पाण्याची वाफ गार हवेत शिरून झालेलं धुकं. शिवाय विहिरीचं तोंड पाण्याच्या मानाने लहान, चारी बाजूंना काठ उंच, वारा आत उतरत नाही. विहीर म्हणजे रांजण आणि आमचा तलाव म्हणजे परात. सरासरी सव्वा मीटर खोली आणि वर ३२ चौरस मीटरचं उघडं तोंड. चहा पातेल्यात तासभर गरम राहतो आणि बशीत ओतला की चार फुंकरांत निवतो. आमचा सगळा चहा कायमचा बशीतच आहे.

मामा : बशी बरोबर. पण फुंकर कोण मारतं तेही समजून घे. आम्ही द्राक्षवाले ते अंगावर काढून शिकलोय. बागेला धोका असतो तो आभाळ निरभ्र असलं की, आणि वारा पडलेला असला की. ढगाळ रात्री थंडीने बाग गेल्याचं मला आठवत नाही. पहाटे तीनला उठून बांधावर शेकोट्या करतो, पालापाचोळा ओलसर ठेवतो म्हणजे धूर धरतो, आणि तो धूर बागेवर पसरला की बरं वाटतं. दुसरं म्हणजे पहाटेच बागेला पाणी सोडतो, कारण बोअरचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा ऊबदार असतं. पानावर हात ठेवून बघितलंय मी. हवा असते त्यापेक्षा पान गार लागतं. म्हणजे पानातली ऊब हवेने नेलेली नाही, ती वर उघड्या आभाळात गेली. आता तू त्याच आभाळाखाली चाळीस हजार लिटर पाणी तापवून उघडं ठेवणार. मी एक एकर बाग एका रात्रीपुरती वाचवताना मेटाकुटीला येतो. तुला चार महिने रोज रात्री तेच करायचंय.

भाची : मी ते आकड्यात मांडून बघितलंय, आणि आकड्यांनी माझंही तोंड जरा उतरलं. एक हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट लागतात. आमचं पाणी ४० हजार लिटर. म्हणजे एका अंशाला साडेशेहेचाळीस युनिट. २० वरून २९ वर न्यायचं तर ४२० युनिट ऊब आत घालायला हवी. पण हा झाला एकदाचा खर्च. रोजची गळती वेगळी. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की जाताना जवळजवळ दोन तृतीयांश युनिट ऊब घेऊन जातं. तलावाची पातळी एका मिलिमीटरने खाली गेली तर ३२ लिटर पाणी गेलं आणि त्याबरोबर २१-२२ युनिट गेली. एका मिलिमीटरला जवळजवळ अर्धा अंश! आपली हिवाळी हवा कोरडी, पाणी २९ अंशांवर ठेवलेलं. दिवसरात्र मिळून पाच मिलिमीटर सहज उडेल. टाईलच्या दोन रेघांमधलं एवढंसं अंतर दिसतं ते, पण त्यात शंभरावर युनिट आणि सव्वादोन अंश गेलेले असतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने उघड्यावरच्या तलावांची सांगितलेली विभागणीही हेच म्हणते. गेलेल्या उबेतली सुमारे ७० टक्के एकट्या बाष्पीभवनाने जाते. तुमचं आभाळ त्यानंतर येतं. भिंती आणि तळातून जाणारी ऊब तर फारच थोडी. मी आधी टाईल्सच्या खाली थर्माकोल घालायचा राहिला म्हणून हळहळत होते. ती हळहळ चुकीच्या जागी होती.

मामा : पाच मिलिमीटर उडतं म्हणतेस, पण ते उडतंच कशावरून? गळत असेल तर? आपल्याकडे शेततळ्याचा कागद फाटला की आधी लोक उन्हाला दोष देतात. एक बादली घे, तलावाच्याच पाण्याने भर, पायरीवर अर्धी बुडेल अशी ठेव. बादलीच्या आत पाण्याची खूण कर, बाहेर तलावाच्या पातळीची खूण कर. पंप बंद ठेव. २४ तासांनी बघ. दोन्ही सारखी उतरली तर उडालंय. तलाव जास्त उतरला तर गळतंय, आणि मग तापवलेलं पाणी तू जमिनीला पाजणार आहेस. हे केल्याशिवाय कुठल्याही कोटेशनला हो म्हणू नकोस. दुसरं, तुमच्या छपरावर उन्हाचा बंब आहेच. मे महिन्यात त्यातलं पाणी अंगावर घेता येत नाही इतकं कढत असतं. तेच पाणी तलावात सोडलं तर?

भाची : बादलीचं आजच करते, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बंबाचं मात्र गणित बसत नाही. २०० लिटरचा बंब दिवसभरात पाणी २५ वरून ६० वर नेतो, म्हणजे आठ युनिट ऊब. तलावाला एका अंशाला साडेशेहेचाळीस लागतात. असे जवळजवळ सहा बंब दिवसभर तापले तर तलाव एक अंश चढणार, आणि रात्री दोन उतरणार. बंब कडक पाणी करण्यासाठी बनलेला असतो. तलावाला कडक पाणी नकोच आहे, त्याला पुष्कळ पाणी थोडंसं कोमट हवं. त्यासाठी वेगळं साधन मिळतं. काळ्या रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या बारीक नळ्यांच्या चटया असतात, वर काच नाही, काही नाही. फिल्टरमधून परत येणारं पाणी त्यांतून फिरवायचं. पाणी फार तापलेलं नसल्याने चटईतून हवेत फारशी ऊब जात नाही, म्हणून काचेची गरजच पडत नाही. मात्र जागा लागते. तलावाच्या तोंडाच्या निदान निम्मी, आणि थंडीतही भागवायचं तर जवळजवळ तेवढीच. म्हणजे ३२ चौरस मीटर छप्पर, दक्षिणेकडे उताराचं, हिवाळ्याच्या तिरक्या उन्हासाठी तीसेक अंश कललेलं. चालवायला जवळजवळ काही खर्च नाही. पण आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत, विजेची पॅनेल आहेत, वाळवणाची जागा आहे. उरलेल्या जागेत दहा-बारा चौरस मीटर बसतील. तेवढ्याने होळीनंतरची तलावाची सुरुवात पंधरा दिवस अलीकडे येईल, जानेवारीत सासूबाई काही उतरणार नाहीत.

मामा : मग बोअरचं पाणी? ते २५-२६ अंशांचं आहे असं तूच म्हणालीस. मी बागेला तेच देतो.

भाची : तलावातलं दहावा हिस्सा पाणी, म्हणजे चार हजार लिटर, काढून तेवढं बोअरचं भरलं तर तलाव जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाने चढेल, तेही रात्रीपर्यंत. पाणी फुकट घालवून मिळवलेला अर्धा अंश मला नको. शिवाय आमच्या बोअरला क्षार आहेत, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो तो तुम्ही बघितलाय. पाणी तापलं की हे क्षार आणखी बसतात, आणि ते नेमके हीटरच्या नळीवर बसतात. माझा कल हीट पंपाकडे आहे. तो ऊब तयार करत नाही, हवेतली गोळा करून पाण्यात टाकतो, फ्रीज आतली ऊब मागच्या जाळीतून बाहेर टाकतो तसा. म्हणून एक युनिट वीज घेऊन चार-पाच युनिटांची ऊब देतो. साध्या कॉइलच्या हीटरला ४२० युनिट लागतील तिथे याला ८५ ते १०५. गॅसचा हीटर झटपट तापवतो, शनिवारी मुंबईहून इगतपुरीच्या बंगल्यावर येऊन रविवारी परत जाणाऱ्याला तो सोयीचा. पण १९ किलोच्या सिलिंडरमधून तलावाला मिळणार दोनशे युनिटांच्या आसपास, म्हणजे पहिल्यांदा तापवायलाच दोन सिलिंडर आणि वर रोजची गळती. आमचं पोहणं रोजचं आहे, आम्हाला घाई नाही. हीट पंप पहिल्यांदा दोन-तीन दिवस घेईल, घेऊ दे.

मामा : हवेतली ऊब गोळा करतो म्हणालीस. पहाटे आठ अंशांच्या हवेत गोळा करायला काय असतं? तुझं यंत्र ज्या वेळी लागतं त्याच वेळी सगळ्यात दुबळं. आणि विजेचं सांगू का? आम्हाला शेतीला आठ तास वीज मिळायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी द्यायला गेलोय, पायाखाली काय आहे दिसत नाही. त्याच तालुक्याच्या विजेवर कोणाचा तलाव कोमट होतो हे ऐकलं की माझ्या पोटात तुटतं. तुझ्यावर राग नाही हा. पण हे बोलायचं नाही तर काय बोलायचं?

भाची : बोला, मामा. ते न बोलता ठरवलं तर मला पोहताना आठवत राहील. आधी यंत्राचं सांगते, कारण त्यातून तुमच्या दुसऱ्या बोलण्याचाही थोडा उलगडा होतो. पहाटे यंत्र चालवायचंच नाही. नाशिकच्या हिवाळ्यात पहाट दहा अंशांची असली तरी दुपार २७-२८ अंशांची असते. हीट पंप अकरा ते चार चालवायचा. तेव्हा हवेत ऊब भरपूर, त्याच युनिटात जास्त काम होतं, आणि छपरावरची पॅनेलही तेव्हाच वीज देतात. तलाव स्वतःच ४० हजार लिटरची बॅटरी आहे, दुपारी भरून ठेवायची. मुलगा चारला शाळेतून येतो, सासूबाई पाचला उतरतात. सगळ्यात ऊबदार पाणी तेव्हाच असतं. लोक थर्मोस्टॅट रात्रंदिवस २९ वर ठेवतात आणि मग बिल बघून डोक्याला हात लावतात. हीट पंप उघड्या हवेत बसवायचा मात्र, कारण तो गार हवा बाहेर फेकतो. बंद खोलीत ठेवला तर स्वतःचीच गार हवा पुन्हा ओढतो. आतली नळी टायटॅनियमची घ्यायची, तांब्याची क्लोरीनच्या पाण्याने खराब होते. क्लोरीन सोडायची जागा हीटरच्या पुढे ठेवायची, आधी नाही. ही सगळी प्लंबरला चारदा सांगण्याची कामं.

आता तुमच्या पोटात तुटतं त्याबद्दल. उघडा तलाव २९ वर ठेवला तर दिवसाचं ऊन धरूनही रोज ११०-१२० युनिटांची ऊब भरून काढावी लागेल, म्हणजे २२ ते २४ युनिट वीज. वरच्या टप्प्याचं युनिट १५ रुपये धरलं तर महिन्याचे दहा हजार रुपये. हे मी करणार नाही, परवडलं तरी करणार नाही. रात्री आणि वापर नसताना बबल कव्हर घातलं तर खर्च निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरतो. समजा, रोजची दहा-अकरा युनिट. छपरावरची तीन किलोवॉटची पॅनेल दिवसाला साधारण बारा युनिट देतात. म्हणजे कव्हर असेल तर तलाव आमच्याच छपरावर तापतो, कव्हर नसेल तर बाकीचं तुमच्या फीडरमधून येतं.

मामा : इथे मी तुला अडवतो. पॅनेलची वीज तुझीच आहे हे खरं, पण तलावाला दिली नसती तर ती तारेवर गेली असती आणि शेजारच्या कोणाच्या तरी घरात जळली असती. त्या पॅनेलवर सरकारने ७८ हजारांचं अनुदान दिलंय, ते काही तलावासाठी दिलेलं नाही. म्हणून ती वीज फुकट धरू नकोस. त्याच अकरा युनिटांना पूर्ण किंमत लाव आणि मग सांग.

भाची : लावते. अकरा युनिटांचे १६५ रुपये, महिन्याचे पाच हजारांच्या आत. यंत्राची किंमत वेगळी, ती लाखांत आहे. आता हा आकडा नुसता ठेवला तर मोठा वाटतो, आणि तलावाच्या किमतीशेजारी ठेवला तर लहान. मी तो पोहण्याने भागून बघितला. आम्ही तिघं, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे महिन्यात साठ वेळा कोणीतरी पाण्यात उतरतं. एका उतरण्याला ८० रुपये. सासूबाईंना हाच व्यायाम करायला शहरातल्या कोमट पाण्याच्या तलावावर न्यायचं तर रिक्षालाच त्याहून जास्त जातात. पण साठाऐवजी दहाच वेळा उतरलो, तर एका उतरण्याला पाचशे. तेच पाणी, तीच वीज. माझी चूक हीच होत होती की मी 'तलाव तापवायला किती लागतं' असं विचारत होते. तलावाला काही थंडी वाजत नाही.

मामा : हे मला पटलं. मग साठ वेळा उतराल याची खात्री काय? जानेवारीत संध्याकाळी पाण्यातून बाहेर निघताना हवा १५-१६ अंशांची. पाणी २९ असलं तरी ओल्या अंगाने घरापर्यंत यायचं असतं. तुझ्या सासूबाईंना सर्दीची भीती पाण्याची नाही, त्या पंधरा पावलांची आहे. तुम्ही पाणी तापवाल आणि त्या पंधरा पावलांमुळे कोणी उतरणार नाही. आमच्याकडे ठिबक आलं तेव्हा लोकांनी यंत्रावर लाखो घातले आणि फिल्टर धुवायला कोणी वेळ काढला नाही. लाखाचं काम शंभराच्या आळसाने बसतं, हे मी वीस बागांत बघितलंय.

भाची : पंधरा पावलं मी धरलीच नव्हती. कोपऱ्यात आडोसा आणि कोरडे कपडे ठेवायला एक पेटी, एवढं तर करता येईल. आडोसा तसाही करायचाच आहे, उत्तरेकडून वारा येतो. पाण्यावरून ताशी दहा-अकरा किलोमीटरचा वारा वाहिला तर खर्च कितीतरी पटींनी चढतो, आणि तो वारा म्हणजे काही वादळ नाही, दोरीवरचे कपडे हलतात एवढाच.

मामा : भिंत घालू नकोस. भिंतीवरून वारा उडी मारून पलीकडे जास्त जोराने आदळतो. केळीच्या बागेला आम्ही कडेने शेवरी लावतो. ती वारा अडवत नाही, चाळून सोडते. मेंदीचं दाट कुंपण लाव, छातीच्या उंचीचं, तलावापासून थोडं लांब, म्हणजे पाला पाण्यात पडणार नाही आणि दुपारचं ऊनही अडणार नाही. आणि तुझ्या त्या कव्हरचं मला नीट सांग. सगळं त्याच्यावर टांगलेलं दिसतंय.

भाची : मी परवा एका ओळखीच्यांकडे जाऊन हाताने उचलून बघितलं. निळं, जाड प्लॅस्टिक, एका बाजूला बोटाच्या पेराएवढे हवेचे फुगे. फुग्यांची बाजू पाण्यावर ठेवायची. सकाळी सातची वेळ होती. कव्हरवर दव साचून छोटी-छोटी तळी झाली होती, त्यांत मी बोट घातलं तर झिणझिण्या आल्या. कव्हरची कड उचलून त्याच हाताने खालच्या पाण्याला शिवले तर कोमट. मध्ये अर्धा मिलिमीटर प्लॅस्टिक आणि एक हवेचा फुगा, बस्स. त्यांनी हीटर लावलेलाच नाही. नुसत्या कव्हरवर त्यांचं पाणी आमच्यापेक्षा तीन-चार अंश वर असतं म्हणाले, कारण दिवसाचं ऊन आत शिरतं आणि रात्री वाफ होऊन जायला वाट उरत नाही. पाणीही वाचतं. रोज पाच मिलिमीटर म्हणजे महिन्याला पावणेपाच हजार लिटर, अर्धा टँकर. येवला, नांदगाव, सिन्नरला उन्हाळ्यात टँकरपुढे हंड्यांची रांग लागते. तो अर्धा टँकर मला हीटरच्या बिलापेक्षा जास्त टोचतो.

मामा : आणि ते रोज काढायचं-घालायचं कोणी?

भाची : आम्हीच. ३२ चौरस मीटरचं प्लॅस्टिक कोरडं असताना बारा-तेरा किलो असेल, पण वर दव, पाला, पाणी धरून ते जड होतं. रोलर बसवला तर एका माणसाने गुंडाळता येतं. घालताना मात्र समोरून ओढायला दुसरं माणूस लागतं. आणि एक गोष्ट मी मुलाला आत्ताच बजावून ठेवलीय. कव्हर अर्धवट काढून पोहायचं नाही, पूर्ण काढायचं. अर्ध्या कव्हरखाली लहान मूल गेलं तर वर यायला जागा मिळत नाही आणि काठावरच्या माणसाला ते दिसतही नाही. कोणी मला काळ्या टाईल्स सुचवल्या होत्या, ऊन जास्त शोषतात म्हणून. त्या मी त्याच कारणाने नाकारल्या. तळाशी गेलेलं मूल दिसलं पाहिजे.

मामा : आमच्या विहिरीवर दोर माझ्या हातात होता, तो याचसाठी. बरं, आता माझं ऐक. रोज संध्याकाळी सहाला दोन माणसं तलावावर पाहिजेत. तुमचा माळी पाचला जातो. जावई आठला येतात. म्हणजे तू आणि आठ वर्षांचा पोरगा. आज उत्साह आहे. लग्नसराई येईल, पोराची परीक्षा येईल, तुला ताप येईल. दोन दिवस कव्हर घालायचं राहिलं की पाणी चार-पाच अंश खाली, मग पाणी गार म्हणून कोणी उतरणार नाही, आणि उतरत नाही म्हणून कव्हर कोणी घालणार नाही. यंत्र मात्र २९ गाठायला दुपारभर घरघरत राहील. मी यंत्राच्या विरोधात नाही, हे आता मला स्वतःलाच कळतंय. पण यंत्र आधी आणि कव्हर मागून, हा क्रम मला मान्य नाही. यंदा हीटर घेऊ नकोस. कव्हर आण, मेंदी लाव. एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोड. संध्याकाळी सहाचा आणि सकाळी सहाचा आकडा वहीत लिही. दुसऱ्या रकान्यात लिही, आज कोण उतरलं आणि किती वेळ. होळीपर्यंत.

भाची : म्हणजे सासूबाईंचा एक हिवाळा वहीत घालवू? त्यांचं वय ७४ आहे, मामा. त्यांच्याकडे असे किती हिवाळे आहेत? कव्हरने पाणी २४ वर येईल, ते मुलाला चालेल, मलाही चालेल. सांधे दुखणाऱ्या माणसाला २८ च्या खाली उतरणं नको वाटतं. नऊ अंशांऐवजी पाच अंश तापवायचे उरतील, म्हणजे लहान यंत्र चालेल, हे तुमच्या वहीतून कळेल, कबूल. पण ते कळायला जो वेळ जाईल, तो माझा नाही, त्यांचा आहे.

मामा : त्यांना विचारलंस?

भाची : त्या म्हणतात, माझ्यासाठी एवढा खर्च नको.

मामा : ते तर त्या म्हणणारच. मी विचारतो ते वेगळं. पाणी कोमट झालं तर जानेवारीत, संध्याकाळी पाचला, आठवड्यात पाच दिवस त्या उतरतील का? हे त्यांना विचारलंस?

भाची : नाही.

मामा : मग उद्या मी येतो. बादली मी आणतो, पायरीवर ठेवू. आणि हे मी त्यांच्याशी बोलतो, तू समोर नको.

भाची : त्या हो म्हणाल्या तर?

मामा : तर कव्हर ओढायचं दुसरं माणूस शोधावं लागेल. सहा वाजता मी निफाडहून रोज येऊ शकत नाही.